डाव्या कानातलं तेल

आमच्याकडे वऱ्हाडात कान दुखला की लसणाचं तेल. याला दुसरा काही उपाय असतो हे मी लहानपणी कधी ऐकलंच नव्हतं. आई पळीत गोडं तेल घ्यायची, त्यात ठेचलेली लसणाची पाकळी टाकायची, पाकळी तांबूस झाली की पळी उतरवून करंगळी बुडवून बघायची. मग मला मांडीवर आडवं करून थेंब थेंब कानात सोडायची. वरून कापसाचा बोळा. तेल आत उतरताना गुदगुल्या व्हायच्या, कान गरम व्हायचा आणि तिचा हात माझ्या केसांत असायचा. दुखणं त्यातल्या नेमक्या कशानं थांबायचं ते कुणी तपासून बघितलं नाही. थांबायचं, एवढं खरं.

आईचा स्वतःचा डावा कान गेलेला आहे. माझ्या जन्माच्या आधीच गेला. तरुणपणी तो फार ठणकायचा, वाहायचा, ती रात्र रात्र भिंतीला डोकं टेकून बसायची म्हणतात. तेल घालून घालून शेवटी ठणका थांबला, पण ऐकू येणंही थांबलं. आई याला देवाची कृपाच म्हणते. "एक कान गेला, पण दुखणं त गेलं," असं. बोलताना ती मान तिरकी करून उजवा कान पुढे आणते, दाणे टिपणाऱ्या कोंबडीसारखी. गावात तिला 'बहिरी' म्हणतात, आणि तिला ते ऐकू येत नाही असं धरून तिच्यासमोरच म्हणतात. तिला येतं. उजव्यानं सगळं येतं.

म्हणून पुण्यात माझा डावा कान दुखायला लागला तेव्हा मला आधी आईच आठवली. तोच कान, तीच बाजू. मला एरवीही काळजी करायची सवय आहे. बस वेळेवर आली तरी मला वाटतं, आज काहीतरी चुकलंय. पण ही काळजी वेगळी होती. मला वाटलं, आपली पाळी आली.

शाळा माझी आठवीला सुटली. पुढची शाळा दुसऱ्या गावाला होती आणि घरी हात कमी होते, म्हणून राहून गेलं. तालुक्याच्या एका पार्लरात थ्रेडिंग शिकले. ते मला जमलं. हात हलका होता. पुढे ओळखीतून पुण्याला आले, सदाशिव पेठेत एका तीन खुर्च्यांच्या पार्लरात. राहायला धायरीत, आणखी दोघी मुलींबरोबर एका खोलीत. सकाळी सिंहगड रोडनं बस पकडायची आणि संध्याकाळी त्याच रस्त्यानं परत. पार्लरची मालकीण माझ्याहून थोडी मोठी, तिला सगळ्याच ताई म्हणतात. माझ्याशी पहिल्या दिवसापासून चांगली वागली. आमची गिऱ्हाइकं म्हणजे आजूबाजूच्या खोल्यांतून राहणाऱ्या, परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या मुली, आणि पेठेतल्या जुन्या बायका. मुली म्हणायच्या, "दीदी, शेप सेम ठेव हां, फक्त क्लीन कर." जुन्या बायका काही म्हणायच्या नाहीत, आरशात बघून नुसतं "हं" करायच्या. त्या "हं"चे किती अर्थ होतात ते मला पुण्यात आल्यावर कळलं.

थ्रेडिंग ज्यांनी केलं नाही त्यांच्यासाठी सांगते. दोऱ्याचं एक टोक आपल्या दातांत धरायचं, बाकीचा दोरा दोन्ही हातांत घेऊन त्याला पीळ द्यायचा आणि तो पीळ भुवईवरून पुढेमागे सरकवायचा. केस त्यात अडकून मुळापासून निघतो. गिऱ्हाईक डोळे मिटून, स्वतःच्या बोटांनी कातडी ताणून मागे रेललेलं असतं आणि आपण त्याच्या तोंडावर वाकलेलो. दातांतला दोरा सैल पडला की काम बिघडतं. म्हणून जबडा आवळून ठेवावा लागतो, दिवसभर.

तर कान दुखायला लागला. आधी नुसता जड वाटायचा, मग आतून ठणका. घरी आले की मी गॅसवर पळी धरायचे. खोलीतल्या मुली म्हणायच्या, "ए, परत लसूण! अंथरुणाला वास लागतो गं." मी खिडकी उघडायचे आणि तेल घालायचेच. आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "टाकत जाय. खंड नको पडू देऊ. मी खंड पाडला म्हून त माह्या कानाचं असं झालं." मग मी खंड पाडला नाही. काही दिवसांनी कानातून पाणी यायला लागलं. मेडिकलमधून थेंब आणले, तेही घातले. खाज सुटली की हेअरपिन होतीच, पार्लरात हेअरपिनांना काय तोटा. आणि हळूहळू डाव्या बाजूचं ऐकू येणं कमी झालं. जग जणू माझ्या उजव्या हाताला सरकलं.

मी कुणाला सांगितलं नाही. गिऱ्हाइकाच्या उजव्या बाजूला उभं राहिलं तर माझा डावा कान त्याच्याकडे व्हायचा, म्हणून मी उभं राहायची बाजू बदलली. ताई हाक मारायची तर आरशात तिचे ओठ बघायचे. एवढं करूनही एकदा फसलेच. एका मुलीचा साखरपुडा होता. ती डोळे मिटून काहीतरी पुटपुटली. मला वाटलं दुखतंय म्हणून कण्हतेय. मी हात आणखी हलका केला आणि काम पुरं केलं. तिनं आरसा घेतला आणि रडायलाच लागली. "मी सांगितलं होतं ना, डावी जाडच ठेव! मला तिथे कट आहे, तो लपवायचा होता!" ताईनं पेन्सिलनं भुवई भरून दिली, तिची समजूत काढली. मला काही बोलली नाही. पण त्या दिवसापासून भुवयांची गिऱ्हाइकं दुसरीकडे जायला लागली. मुली आत यायच्या, मला मोकळी बसलेली बघायच्या आणि म्हणायच्या, "ती दुसरी दीदी फ्री झाली की सांगा, मी थांबते." मी टॉवेलांच्या घड्या घालायला लागले. वॅक्सचे डबे पुसायला लागले. मला वाटलं, झालं, सगळ्यांना कळलं की मला ऐकू येत नाही. गावातलं नाव पुण्यात येऊन पोचलं.

त्या दिवसांत शेजारच्या खुर्चीवर काम करणारी मुलगी मला रोज वेलची द्यायची. येता-जाता हातावर ठेवायची, "खा गं, बरं वाटतं." मी मनातल्या मनात तिचे आभार मानायचे. परक्या गावात कोण कुणाला असं विचारतं!

आमच्याकडे एक निवृत्त शिक्षिका यायच्या. सगळे त्यांना बाई म्हणतात. जवळच एका इमारतीत एकट्या राहतात. त्यांना भुवया फारशा उरल्याच नव्हत्या, तरी महिन्याला येऊन त्या नीट करून घ्यायच्या आणि जाताना काहीतरी बोलून जायच्या. "पुसूनच टाकणार आहेस का? थोडी ओळख ठेव." किंवा, "हा दोरा आहे का मांजा?" पहिल्या खेपेला मी घाबरून ताईकडे बघितलं होतं. ताई हसली, "त्यांना तू आवडलीस. नाहीतर त्या बोलत नाहीत."

त्या दिवशी दुसरी मुलगी रजेवर होती, म्हणून बाई माझ्याच खुर्चीत आल्या. भुवया झाल्या. मग म्हणाल्या, वरचा ओठ पण कर. ओठाच्या कामाला गिऱ्हाईक डोळे मिटत नाही, आणि आपलं तोंड त्याच्या तोंडापासून वीतभर. मी दोरा दातांत धरला, दोनदा ओढला. बाईंनी माझं मनगट धरलं.

"थांब. दोरा काढ तोंडातून."

मी काढला.

"तुला एक सांगते. आवडणार नाही. तुझ्या तोंडाला वास येतो."

काउंटरवर ताई काहीतरी लिहीत होती, तिचं पेन थांबलं. मला आधी वाटलं, मी चुकीचं ऐकलं. पण त्या माझ्या उजव्या बाजूला होत्या.

"मी दोन वेळा ब्रश करते, बाई."

"ब्रशनं जाणारा वास मला कळतो. सगळा जन्म पोरांच्या तोंडाशी वाकून शिकवण्यात गेला. दूध पिऊन आलेलं कोण, कांदा खाऊन आलेलं कोण, न घासता आलेलं कोण, सगळं सांगते. हा त्यातला नाही. काहीतरी कुजतंय. आणि दोरा ओढलास की डावा डोळा मिटतेस. दर वेळी. ते का?"

"कान दुखतो," मी म्हणाले. मग वाटलं आता लपवून काय उपयोग. "वास पण कानाचाच असेल. माझा कान वाहतो."

"कान वाहतो! आणि दाखवलास कुणाला?"

"तेल घालते."

"तेल," बाई म्हणाल्या. वर्गात चुकीचं उत्तर देणाऱ्या पोराचं उत्तर त्याच्याच तोंडावर परत म्हणून दाखवावं तशा. "आज काय घातलंस, खोबरेल का गोडं? फोडणी पण देतेस का?"

"लसणाची," माझ्या तोंडून निघून गेलं.

बाईंनी कपाळाला हात लावला. मग आरशाकडे वळून म्हणाल्या, "अर्धी मिशी घेऊन मला रस्त्यानं पाठवणार आहेस का? पूर्ण कर. तोंड बाजूला ठेवून. आणि उद्या सकाळी मी सांगते त्या डॉक्टरांकडे जायचंस. कान-नाक-घशाचे आहेत. फार बोलत नाहीत, तेवढंच बरं."

त्या गेल्यावर मी मागच्या मोरीत जाऊन रडले. ताई मागून आली.

"मला माहीत होतं गं," ती म्हणाली. "दोघी-तिघींनी मला येऊन सांगितलं होतं. पण तुला कसं सांगायचं? तू आधीच इतकी घाबरलेली असतेस. म्हणून म्हटलं, थोडे दिवस टॉवेलच करू दे."

"म्हणजे मला ऐकू येत नाही म्हणून नाही?"

"तुला ऐकू येत नाही?" ताई म्हणाली.

शेजारच्या मुलीच्या वेलचीचा अर्थ मला तेव्हा लागला. मला तिचा राग यायला हवा होता कदाचित. आला नाही. मला आजही वाटतं की ती मायाच होती, फक्त तिला दुसऱ्या कुठल्या वाटेनं देता येत नव्हती.

कानाचे डॉक्टर खरंच कमी बोलायचे. कानात दुर्बीण घालून बघितलं आणि म्हणाले, "काय काय घातलंस? खरं सांग, रागावणार नाही." मी सांगितलं. तेल, लसूण, थेंब, पहिल्या बाटलीनं गुण आला नाही म्हणून दुसरे थेंब, हेअरपिन. एकदा काडेपेटीची काडी.

"रागावणार नाही म्हणालो होतो, ते मागे घेतो," ते म्हणाले. पण आवाज शांतच होता. मग बारीक नळीनं कान साफ करायला लागले. समोरच्या पडद्यावर सगळं दिसत होतं. भिजलेल्या वर्तमानपत्रासारखं पांढरं-काळं काहीतरी आत साचलेलं.

"ही बुरशी."

"लोणच्यावर येते तशी?" मी विचारलं.

"तशीच. फरक एवढाच, लोणच्याला तेल घातलं की ती येत नाही. कानात तेल घातलं की येते."

सगळं निघाल्यावर त्यांनी परत बघितलं. मला पडद्यावर मोत्यासारखं चमकणारं काहीतरी दिसलं. आई, कोंबडीसारखी तिरकी मान, 'बहिरी' ही हाक, सगळं त्या खुर्चीत माझ्याबरोबर बसलं होतं.

"हा तुझा कानाचा पडदा. शाबूत आहे."

मला रडूच फुटलं. डॉक्टरांनी नुसता टिश्यूचा डबा माझ्याकडे सरकवला आणि स्वतः कागदावर लिहीत बसले, जणू खोलीत कुणी रडतच नाहीये. पुण्यातल्या लोकांची ही पद्धत मला फार आवडते. ते आपल्याला रडायला वेळ देतात आणि बघत नाहीत.

मग मी विचारलं, "पण आतून ठणकतं ते? ते तर आधीपासून आहे. वाहायच्याही आधीपासून."

डॉक्टरांनी पेन ठेवलं. "तेच बघतोय. बुरशीची खाज असते, दुखतंही. पण तू सांगतेस तो ठणका आधी आणि बुरशी नंतर. आ कर."

कानाच्या डॉक्टरांनी तोंड कशाला बघावं, मला कळेना. त्यांनी एका स्टीलच्या दांडीच्या मागच्या टोकानं माझे खालचे दात एक एक करून हलके ठोकले. ठक, ठक, ठक. आणि एका ठोक्याला मी खुर्चीतून उडालेच.

"कुठे लागलं?"

"कानात!"

"मी दाढेवर मारलं," डॉक्टर म्हणाले.

मी परत एकदा मारा म्हणाले. मला खरंच वाटत नव्हतं. त्यांनी अगदी हलकं मारलं. परत कानातच, खोल, जिथे रोज ठणकायचं नेमकं तिथेच.

"दाढेची नस आणि कानाची नस वर जाऊन एकत्र मिळतात," त्यांनी सांगितलं. "ओरडते दाढ, आणि तुला वाटतं कान ओरडला. मग तू कानात तेल घातलंस. तेलानं बुरशी झाली. बुरशीनं कान वाहायला लागला. कान वाहतो म्हणून परत तेल. कान आता मी सुकवतो. पण दाढ तशीच राहिली तर ठणका परत येईल, आणि तू परत पळी घेऊन बसशील."

ती दाढ मला आठवली. तालुक्याला थ्रेडिंग शिकत होते तेव्हा ती किडली होती. लवंग दाबून ठेवायचे. काही दिवस फार दुखली आणि मग आपोआप थांबली. मी खूश झाले होते. दाढ शांत झाली, आता तिचं नाव काढायचं नाही, असं ठरवलं होतं. दोरा मात्र त्याच बाजूनं आवळत राहिले.

हे मी दातांच्या डॉक्टरांना सांगितलं. त्या वयानं माझ्याएवढ्याच असतील. त्यांनी एक्स-रे समोर धरला. दाढेच्या मुळाखाली काळा डाग होता. "शांत नव्हती झाली," त्या म्हणाल्या. "आतली नस मेली होती. मेलेल्या दाढेत कळ कमी असते, पण मुळाशी पू साठत राहतो. वास त्याचाच. वाचवण्याच्या पलीकडे गेलीये, काढावी लागेल."

काढायच्या दिवशी मी दवाखान्यात पोचले तर बाकावर बाई बसलेल्या. हातात पर्स, पायात बाहेर जायच्या चपला, तोंडावर नेहमीचा वैताग.

"बाई, तुम्ही माझ्यासाठी..."

"तुझ्यासाठी कशाला येईन? माझी कवळी वाजते. तक्रार करायला आलेय."

आत गेल्यावर डॉक्टरांनी आधी त्यांची कवळी बघितली. "आजी, वाजत तर नाहीये."

"तुमच्यासमोर नाही वाजणार. फार लबाड आहे ती."

मग मी खुर्चीत बसले. बाई बाहेर गेल्या नाहीत. इंजेक्शनची सुई बघून मी खुर्चीच्या कडा घट्ट धरल्या, तशा त्या पुढे आल्या आणि पर्स माझ्या पोटावर ठेवली. "ही धर. दोन्ही हातांनी. इथे कुठे ठेवायला जागा नाही. आत चष्मा आहे, दाबू नकोस."

मी धरली. दुखलं नाही फारसं, पण आतून हाडातून काहीतरी उपटलं जातंय हे कळत होतं, आणि तो करकर आवाज डोक्यात घुमत होता. दाढ निघाल्यावर डॉक्टरांनी ती ट्रेमध्ये ठेवली. एवढीशी होती. मुळाला पिवळट पिशवीसारखं काहीतरी लोंबत होतं. माझं जे काही बिघडलं होतं ते सगळं तिथे सुपारीएवढं पडलेलं. बाईंनी वाकून बघितलं. "हं," म्हणाल्या. आणि पर्स घेतली. चष्म्याची काडी वाकली होती. त्यांनी तो तसाच नाकावर चढवला, एक डोळा वर, एक खाली.

"मी नीट करून आणते, बाई," मी कापसाच्या बोळ्यातून कसंबसं म्हणाले.

"बोलू नकोस. रक्त येईल."

तो चष्मा त्यांनी पुढे बरेच महिने तसाच वापरला. मी दोनदा विचारलं तर म्हणाल्या, "राहू दे. जग असंही तिरकंच आहे."

दातांत दोरा काही दिवस धरायचा नव्हता. मला परत धास्ती. पण ताईनं मला गळ्यातली पद्धत शिकवली. दोऱ्याचं टोक दातांत धरण्याऐवजी दोरा मानेमागून घ्यायचा आणि मानेनंच ताण द्यायचा. सुरुवातीला हात चुकायचे, ताईच्या भुवया बिचाऱ्या माझ्या सरावासाठी झिजल्या. शेजारच्या मुलीनं वेलची देणं बंद केलं. एक दिवस मीच तिला दिली. ती लाजली, मग आम्ही दोघी इतक्या हसलो की ड्रायरखालच्या गिऱ्हाइकानं डोकं बाहेर काढून बघितलं.

कान हळूहळू सुकला. आंघोळीला व्हॅसलीनचा कापूस, आत काहीही नाही, पाणीही नाही. एका दुपारी मी एका मुलीच्या भुवयांवर वाकले होते आणि मला बारीकसा आवाज ऐकू आला, कुर्र, कुर्र. मी मान वळवून पंख्याकडे बघितलं, मशीनकडे बघितलं. मग कळलं, माझा दोराच तो. पीळ सरकताना असा बोलतो हे मी विसरूनच गेले होते. मी उगाच एक-दोन वेळा जास्त फिरवला.

मुलगी म्हणाली, "दीदी, झालं की."

"हो गं, झालं."

आईला मात्र मी फोनवर काही सांगितलं नव्हतं. ती विचारायची, "तेल टाकतं ना?" आणि मी म्हणायचे, "हाव." कानाच्या डॉक्टरांना मी तिच्या कानाबद्दल विचारलं होतं. ते म्हणाले होते, "आण त्यांना. गेलेलं परत येईलच असं नाही, पण बघू." पण हे सगळं तिच्या उजव्या कानात फोनवर कसं ओतायचं? तिच्या तेलाबद्दल बोलायचं म्हणजे तिच्या हाताबद्दल बोलायचं.

दिवाळीला घरी गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी ओट्यावर ऊन आलं होतं. आईनं न विचारता पळी तापवली. मला लसणाचा वास आला.

"ये. कान आन इकडे."

मी तिच्याजवळ बसले आणि म्हणाले, "आधी तू आ कर बरं."

"काहून?"

"कर त खरं."

तिनं हसत तोंड उघडलं. मी मोबाइलचा उजेड आत सोडला. खालच्या डाव्या बाजूला मागे खड्डा होता. हिरडी गुळगुळीत, जुनी.

"ही दाढ कवा पडली, आई?"

"ते? लय जुनं झालं. किडली होती. हालून हालून एक दिवस भाकरीसंगच निंघाली. तू पोटात होती तवा."

"आन कान कवा थांबला दुखायचा?"

"त्याच साली," आई म्हणाली, आणि तिचा चेहरा उजळला. "त्या साली म्या लय तेल टाकलं होतं ना! त्यानंच त थांबला."

मी मोबाइल बंद केला. इतकी वर्षं तिनं ज्या तेलाला हात जोडले त्याची पळी तिच्या हातात होती आणि त्यातून अजून वाफ येत होती. दाढ पडली, ठणका गेला, आणि मान तेलाला मिळाला. त्याच विश्वासानं ती माझ्या कानात ते सोडत आली होती. मी असते तर मीही तेच केलं असतं. मी तेच तर केलं होतं.

"आई, कानात नको," मी म्हणाले. "माझी दाढ खराब होती, तिच्यानं कान दुखे. पुण्यात काढली. डॉक्टरनं कानात काहीच टाकू नको म्हटलं. हे तेल डोक्याले लाव."

तिनं पळी खाली टेकवली. मला पुढ्यात बसवलं, केस सोडले, तेल तळव्यावर घेतलं. बोटं केसांतून फिरायला लागली. मग हळू झाली. मग थांबली. ती माझ्या मागे, डाव्या बाजूला होती. मला तिचा चेहरा दिसत नव्हता.

"माह्याच तेलानं बिघडला काय तुहा कान?"

इतकं हळू, की श्वासच म्हणावा.

"नाही वं," मी म्हणाले. "दाढेनं बिघडला. दाढ मलेच नाही दिसली, तुले इतक्या दुरून कशी दिसन? तेलाचं काय, तेलाची जागाच चुकली थोडी. आता तुह्या कानासाठी माझ्यासंग पुण्याले चल. दाखवू."

हात तसाच थांबलेला.

"तुले आयकू आलं?" आईनं विचारलं.

"आलं."

"ह्या कानानं?"

"ह्याच."

मग तिनं माझं डोकं आपल्या गुडघ्याशी ओढून घेतलं आणि परत तेल चोळायला लागली, जरा जोरातच, लहानपणी चोळायची तसं.

"मी त मनातल्या मनात बोलली होती," म्हणाली.